डावाची भाषा : तरुण खेळाडूच्या घडणीचा एक भाषावैज्ञानिक विचार

सांघिक खेळांत बहुधा एक जागा अशी असते की तेथे उभ्या राहणाऱ्या खेळाडूच्या निर्णयावर साऱ्या संघाचे यशापयश अवलंबून राहते. कबड्डीत ही जागा प्रमुख चढाईपटूची होय. अमेरिकन फुटबॉलमध्ये ती क्वार्टरबॅकची. व्यावसायिक खेळात या जागेसाठी एखाद्या तरुणाची निवड झाली, की एक जुना वाद हटकून उपस्थित होतो. त्यास तत्काळ मैदानात उतरवावे, की वर्ष-दोन वर्षे ज्येष्ठ खेळाडूच्या मागे बसवून शिकू द्यावे? या वादात शरीरबळ, धैर्य व स्वभाव यांचा विचार पुष्कळ होतो. भाषेचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः असा खेळाडू घडतो तेव्हा तो प्रथम एक भाषा शिकत असतो. ती भाषा स्थिर राहिली तर तो लवकर उतरला काय आणि उशिरा उतरला काय, तरतो. ती वारंवार बदलली तर गुणवान खेळाडूही अडखळतो. हे प्रतिपादन कृष्णाकाठच्या कुस्ती-कबड्डीच्या परंपरेच्या आधारे तपासून पाहणे व त्यासाठी क्वार्टरबॅकच्या शिक्षणाशी तिची तुलना करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दोन शब्दसंग्रहांचा प्रदेश

पाचगणीच्या टेबललँडवरून खाली पाहिले असता कृष्णेचे खोरे दृष्टीस पडते. वर डोंगरमाथ्यावर सेंट पीटर्स, बिलिमोरिया, संजीवन यांसारख्या निवासी शाळा. खाली वाई, आणि नदीच्या ओघाने पुढे गेले की कऱ्हाड, वाळवे, सांगली. क्रीडाविषयक शब्दांच्या दृष्टीने या उंचसखल प्रदेशात दोन निरनिराळे संग्रह नांदत आले आहेत. निवासी शाळांच्या क्रीडांगणांवर फुटबॉल, हॉकी व क्रिकेट या खेळांबरोबर त्यांची इंग्रजी परिभाषाही आली. ‘पास’, ‘गोल’, ‘कॅप्टन’ हे शब्द तेथे खेळाच्या नियमांइतकेच आयते मिळाले. खोऱ्यातील गावांतून मात्र तालीम व कबड्डीचे मैदान यांनी आपली परिभाषा स्वतः घडविली.

तालमीतील परिभाषेची रचना अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, निकाल, धोबीपछाड, एकेरी पट ही नुसती नावांची यादी नव्हे. प्रत्येक डावाला ‘तोड’ असते, आणि पठ्ठ्याला डाव शिकविताना वस्ताद त्याची तोडही शिकवितो. अर्थात ‘डाव’ या संज्ञेला जे मूल्य प्राप्त होते, ते तिच्या विरोधी संज्ञेच्या संबंधातून होय. भाषेतील चिन्हाचे मूल्य त्याच्या इतर चिन्हांशी असलेल्या भेदावर ठरते, हा सोस्यूरचा सिद्धांत तालमीच्या हौद्यात याप्रमाणे रोजच्या व्यवहारात दिसतो. पठ्ठा शब्द पाठ करीत नाही. तो व्यवस्था आत्मसात करतो.

२. मुखात एकच शब्द

कबड्डीतील चढाईपटूची स्थिती भाषिकदृष्ट्या मोठी विलक्षण आहे. महाराष्ट्रात पूर्वी ‘हुतूतू’ या नावाने परिचित असलेल्या या खेळात चढाई करणाऱ्याने ‘कबड्डी’ या शब्दाचा उच्चार सतत व स्पष्टपणे करीत राहिले पाहिजे. हा उच्चार म्हणजे दम. दम तुटला की चढाईचा हक्क गेला. येथे शब्दाचा अर्थ जवळजवळ लोप पावला आहे व केवळ श्वासाचे मोजमाप म्हणून तो शिल्लक राहिला आहे. त्यामुळे निर्णयाच्या क्षणी सहकाऱ्यांशी अवाक्षरही बोलण्याची सोय चढाईपटूस नसते. प्रतिपक्षाचे रक्षक मात्र हातात हात गुंफून उभे असतात व हाताच्या ओढीनेही एकमेकांस सूचना देऊ शकतात.

त्याच्यापुढे असलेला प्रश्न किती गुंतागुंतीचा असतो, हे मैदानाच्या मापांवरूनही ध्यानात येईल. पुरुषांचे मॅट १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. समोर जास्तीत जास्त सात रक्षक, आणि चढाईस वेळ ३० सेकंदांचा. रक्षक सहा वा सात असतील तर बोनस रेषा ओलांडून गुण मिळू शकतो; ते तीन किंवा त्यांहून कमी असतील तर बोनस नाही, शिवाय पकड झाल्यास प्रतिपक्षास एक गुण अधिक जातो. व्यावसायिक स्पर्धेत सलग दोन चढाया निष्फळ गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण घेतलाच पाहिजे; न घेतल्यास चढाईपटू बाद होतो. याचा अर्थ असा की ३० सेकंदांत त्यास अनेक संकेतार्थी वाक्ये सोडवावी लागतात. कोपरारक्षक पुढे सरकला तर पायाने स्पर्श करावा. त्याने घोट्याचा वेध घेतला तर हूल देऊन मागे फिरावे. साखळी आतल्या बाजूने वळू लागली तर रिकाम्या बाजूने मध्यरेषा गाठावी.

ही वाक्ये त्याच्या मुखात येऊ शकत नाहीत. म्हणून ती आधीच, सरावाच्या वेळी, इतकी वारंवार बोलली गेलेली असावी लागतात की मैदानावर त्यांचा उच्चार करण्याची गरजच पडू नये. दमाने मुख बांधलेले असते, परंतु शिकविताना मुख बांधून चालत नाही. किंबहुना ज्या खेळात प्रत्यक्ष क्षणी बोलता येत नाही, त्या खेळात क्षणापूर्वीचे बोलणे अधिक नेमके असावे लागते.

३. मातीची बोली व मॅटची बोली

कबड्डीचा प्रवास सर्वपरिचित आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी या खेळाचे प्रदर्शन केले. १९९० साली बीजिंगच्या एशियाई स्पर्धांत त्याचा समावेश झाला. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हा खेळ व्यावसायिक बनला. वाळवे तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके हा त्याच वर्षी दिल्लीच्या संघातून या स्पर्धेत उतरला.

मातीवरून मॅटवर जाणे हा केवळ पृष्ठभागाचा बदल नव्हे. गावच्या मैदानात मुलगा जी बोली शिकतो, तीत ‘गडी मारणे’, ‘हूल देणे’, ‘लाथ मारणे’, ‘घोटा धरणे’, ‘लोण चढविणे’ असे क्रियापदांनी युक्त शब्दप्रयोग असतात. व्यावसायिक संघात त्यास ‘रनिंग हँड टच’, ‘टो टच’, ‘अँकल होल्ड’, ‘थाय होल्ड’, ‘डू ऑर डाय’, ‘सुपर टॅकल’ अशी नामप्रधान इंग्रजी परिभाषा भेटते आणि तिला जोडणारी वाक्ये पुष्कळदा हिंदी असतात. संघातील सहकारी मराठी, हरयाणवी, कन्नड, तमिळ आणि प्रसंगी फारसी बोलणारे असतात. पुणेरी पलटण या संघाचे २०२२ सालचे नेतृत्व इराणच्या फझल अत्राचलीकडे होते, ही गोष्ट या संदर्भात उल्लेखनीय आहे.

या स्थित्यंतरात शब्दांची देवाणघेवाण एकास एक होत नाही, ही खरी अडचण आहे. ‘हूल देणे’ या मराठी प्रयोगात पाय, खांदा, नजर व श्वास या सर्वांची फसवी हालचाल एकवटलेली आहे. मॅटच्या परिभाषेत तिचे निरनिराळे तुकडे निरनिराळ्या नावांनी ओळखले जातात. उलट ‘डू ऑर डाय’ या संज्ञेस गावच्या मैदानात प्रतिशब्द नव्हता, कारण तेथे तो नियमच नव्हता. तरुण खेळाडूस जुनी कृती नव्या नावाने आणि नवी कृती जुन्या शरीराने अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी शिकाव्या लागतात. पहिल्या हंगामात एखादा गुणी मुलगा ‘बुजतो’ असे जे म्हटले जाते, त्यात भित्रेपणापेक्षा भाषांतराचा विलंब अधिक असण्याचा संभव आहे.

४. क्वार्टरबॅकचे व्याकरण

हा विलंब अधिक उघडपणे पाहावयाचा असेल, तर अमेरिकन फुटबॉलकडे वळले पाहिजे. तेथे प्रमुख खेळाडू मुका नसून उलट साऱ्या संघाचा वक्ता असतो. प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघास चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जावे लागते. दर प्रयत्नापूर्वी क्वार्टरबॅक आपल्या सहकाऱ्यांना एक आज्ञा ऐकवितो. या आज्ञेत खेळाडूंची मांडणी, चेंडू सुटण्यापूर्वी कोणी जागा बदलावयाची, क्वार्टरबॅकचे रक्षण कोणत्या पद्धतीने करावयाचे, चेंडू झेलणाऱ्यांनी कोठे धावावयाचे आणि कितव्या हाकेस चेंडू सुटावयाचा, हे सर्व ठरावीक क्रमाने येते. हा क्रम वाक्यातील पदक्रमाइतकाच बंधनकारक असतो.

या आज्ञा रचण्याच्या तीन प्रमुख पद्धती आहेत आणि त्यांतील भेद भाषाभ्यासकास मनोरंजक वाटावा. डॉन कोर्येल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत धावेच्या वाटांना अंक दिलेले असतात. ९ म्हणजे सरळ लांब धाव, ८ म्हणजे गोलखांबांच्या रोखाने आत वळणारी धाव, २ म्हणजे आतल्या बाजूची आखूड तिरकी धाव. तीन अंक उच्चारले की तीन खेळाडूंच्या वाटा ठरल्या. बिल वॉल्श यांच्या परंपरेतील पद्धतीत अंकांऐवजी नावे असतात, व सर्वांची कामे सांगावयाची असल्याने आज्ञा फार लांबते. तिसऱ्या, एरहार्ट व पर्किन्स यांच्या पद्धतीत एकाच शब्दाने अनेक खेळाडूंच्या वाटांचा संपूर्ण आकृतिबंध सुचविला जातो. त्या आकृतिबंधात आपले स्थान कोणते, हे प्रत्येकाने जाणावयाचे असते. पाणिनीच्या प्रत्याहारांशी परिचित असलेल्या वाचकास येथील लाघवाचे तत्त्व निराळे समजावून सांगावयास नको. लाघव वाढले की उच्चारास लागणारा वेळ वाचतो, परंतु ऐकणाऱ्याच्या स्मरणावरील भार वाढतो.

१९९४ पासून व्यावसायिक स्पर्धेत क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात ध्वनिग्राहक बसविण्यास परवानगी मिळाली. प्रशिक्षक त्यातून आज्ञा सांगू शकतो. तथापि चेंडू सोडण्याच्या मुदतीचे १५ सेकंद उरले की हा आवाज बंद होतो. त्यानंतर समोरच्या बचावाची मांडणी वाचणे, आवश्यक तर आज्ञा बदलणे आणि चेंडू हाती आल्यावर सुमारे अडीच-तीन सेकंदांत तो कोणाकडे फेकावयाचा ते ठरविणे, हे सर्व त्याने एकट्याने करावयाचे असते. येथे तो व कबड्डीतील चढाईपटू एकाच स्थितीत येतात. एकाचा दम चालू असतो व दुसऱ्याच्या कानातील आवाज थांबलेला असतो. परंतु दोघांनाही त्या घटकेस बाहेरून काही मिळत नाही. जे आत मुरले असेल, तेच उपयोगी पडते.

५. प्रतीक्षा की सातत्य ?

तरुण क्वार्टरबॅकला थांबवावे की खेळवावे, या वादात दोन्ही बाजूंनी उदाहरणे दिली जातात. पॅट्रिक माहोम्स याने २०१७ साली कॅन्सस सिटी संघात अ‍ॅलेक्स स्मिथ या ज्येष्ठ खेळाडूच्या मागे वर्ष काढले व त्या हंगामात केवळ एकच सामना सुरुवातीपासून खेळला. पुढील वर्षी त्याने ५० यशस्वी गोलफेकी केल्या व स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळविला. यावरून प्रतीक्षा हितकर, असा निष्कर्ष काढला जातो. उलट पेटन मॅनिंग १९९८ साली पहिल्याच सामन्यापासून खेळला. त्या वर्षी त्याच्या २८ फेकी प्रतिपक्षाने झेलल्या आणि संघाने सोळांपैकी तेरा सामने गमावले. परंतु पुढच्याच वर्षी त्याच संघाने सोळांपैकी तेरा सामने जिंकले.

या दोन उदाहरणांत परस्परविरोध दिसतो, तो पृष्ठभागावरचा आहे. मॅनिंगला पहिल्या वर्षी जी आक्रमणपद्धती शिकविण्यात आली, तीच टॉम मूर या प्रशिक्षकाच्या हाताखाली पुढे दशकभर टिकली. माहोम्सने वर्षभर बसून ज्या अँडी रीड यांची भाषा ऐकली, त्याच भाषेत पुढे तो खेळला. एक ऐकून शिकला, दुसरा चुकत शिकला. परंतु दोघांनाही शिकलेले पुसावे लागले नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणजे ज्याच्या मागे माहोम्स शिकला तो अ‍ॅलेक्स स्मिथच होय. २००५ सालच्या निवडीत तो सर्वप्रथम निवडला गेला होता. पहिल्या वर्षी त्याची एक फेक गोलात परिणत झाली व अकरा फेकी प्रतिपक्षाने झेलल्या. पुढे २०११ पर्यंतच्या सात वर्षांत सॅन फ्रान्सिस्को संघाच्या आक्रमणाची सूत्रे एकामागून एक सात जणांकडे गेली. काही काळ खांद्याच्या दुखापतीनेही त्यास ग्रासले. परंतु दुखापत बरी झाली तरी परिभाषा पुनःपुन्हा बदलतच राहिली. २०११ साली नव्या प्रशिक्षकवर्गाने त्याच्या शक्तीस साजेशी पद्धती आखली, तेव्हा त्याच्या फक्त पाच फेकी प्रतिपक्षाच्या हाती गेल्या व संघाने सोळांपैकी तेरा सामने जिंकले. त्यानंतर कॅन्सस सिटीत रीड यांच्याकडे त्यास पाच वर्षे एकच भाषा लाभली. ज्याला निकामी ठरविण्यात आले होते, तो तरुणांचा आदर्श झाला. खेळाडू तोच होता. त्यास स्थिर भाषा तेवढी उशिरा मिळाली.

६. कृष्णाकाठचे दाखले

हे सूत्र हाती घेऊन पुन्हा आपल्या प्रदेशाकडे पाहिले, तर काही परिचित घटनांचा अर्थ निराळा दिसू लागतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लास मॅटवरील आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. मातीच्या कुस्तीत चितपट हा एकच निकाल. मॅटवर गुणांची मोजदाद. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर डावांचे शब्द तेच, परंतु त्यांचे व्याकरण वेगळे होते. चार वर्षांनी, १९५२ साली हेलसिंकी येथे, त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक क्रीडाप्रकारात मिळालेले ते पहिले ऑलिंपिक पदक होय. ढाकेसारख्या आपल्या हुकमी डावांचा त्याग करून त्यांनी हे यश मिळविले नाही. तेच डाव नव्या व्याकरणात बसविण्यास त्यांना चार वर्षे मिळाली.

कबड्डीतील अलीकडील उदाहरण चंदगड तालुक्यातील सिद्धार्थ देसाई याचे आहे. २०१८ साली यू मुंबा संघातून पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण मिळविले. दुसऱ्या वर्षीच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्यास १ कोटी ४५ लाख रुपयांस घेतले. संघ बदलला, गाव बदलले, किंमत अनेक पटींनी वाढली. तरी त्या हंगामातही त्याचे गुण दोनशेंच्या वर गेले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की दोन्ही हंगामांत त्याचे मुख्य प्रशिक्षक इराणचे घोलामरेझा माझंदरानी हेच होते. एका उदाहरणाने सिद्धांत सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु सिद्धांतास ते अनुकूल आहे. पुढे खांद्याच्या दुखापतीने त्याच्या खेळात खंड पडला. भाषा कितीही स्थिर असली तरी शरीराची मर्यादा ती ओलांडू शकत नाही, हेही त्याच उदाहरणाने दाखविले.

पुणेरी पलटणचा दाखला अधिक पूर्ण आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार हा २०२१ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या हंगामात या संघातून प्रथम खेळला. त्याच हंगामात हरयाणाचा मोहित गोयत हाही संघात आला. पुढील हंगामात बी. सी. रमेश हे प्रशिक्षक झाले व संघाने त्या तरुणांना दूर न करता एकत्र ठेवले. २०२२ सालच्या अंतिम सामन्यात जयपूरने या संघास ३३–२९ असे हरविले. पराभवानंतर सारे मोडून पुन्हा मांडण्याचा मोह व्यावसायिक खेळात प्रबळ असतो. येथे मात्र प्रशिक्षक तेच राहिले, तरुण चढाईपटू तेच राहिले आणि नेतृत्व अस्लमकडे आले. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरयाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून संघाने विजेतेपद मिळविले. हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून अस्लमची निवड झाली. तो थांबवून घडविला गेला नाही आणि एकटा उतरवूनही नव्हे. एका पिढीने एकच बोली एकत्र शिकली.

७. आक्षेप व निष्कर्ष

या प्रतिपादनावर असा आक्षेप घेता येईल, की येथे ‘भाषा’ हा शब्द रूपकाने वापरला आहे. खेळाचे कौशल्य स्नायूंत असते, शब्दांत नव्हे. आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अर्धे. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे नेमका किती जावा, हे शब्दांनी शिकविता येत नाही. तथापि तो पाय केव्हा टाकावा व केव्हा टाकू नये, या निर्णयाचे शिक्षण संज्ञांवाचून होऊ शकत नाही. चूक झाली असता ती कोणत्या जातीची होती, हे सांगण्यास नाव लागते. आणि ज्या चुकीस प्रत्येक प्रशिक्षक निराळे नाव देतो, ती चूक खेळाडूस दरवेळी नवी वाटते.

दुसरा आक्षेप असा, की चांगल्या संघांत प्रशिक्षक टिकतात, ते संघ जिंकतात म्हणूनच. सातत्य हे यशाचे कारण नसून फळ आहे. हा आक्षेप अधिक गंभीर आहे. परंतु १९९८ चा मॅनिंगचा संघ आणि २०२२ चा पुण्याचा संघ हे पराभवानंतर टिकविले गेले होते. तेथे सातत्य आधी आले, यश मागाहून.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली क्रीडाव्यवस्थेसंबंधी आहे. लिलावात खेळाडूची किंमत ठरते तेव्हा त्याचे गुण, वय व शरीर मोजले जाते. तो कोणत्या परिभाषेत वाढला व त्यास आता कोणती शिकावी लागेल, हे मोजले जात नाही. गावातून आलेल्या अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हे न मोजलेले अंतरच पुष्कळदा निर्णायक ठरते. खेळाडूचे वय थोडे असते व कारकीर्द त्याहून थोडी. भाषांतरात गेलेला हंगाम त्यास परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट भाषाभ्यासकांच्या कक्षेतील आहे. सातारा, सांगली व कोल्हापूर या जिल्ह्यांतील तालमी व कबड्डीची मैदाने यांतील परिभाषा वस्ताद-पठ्ठ्यांच्या मुखीच प्रामुख्याने जिवंत आहे. तिचे संकलन करताना केवळ शब्द व अर्थ अशी सूची करून भागणार नाही. प्रत्येक डावापुढे त्याची तोड, प्रत्येक कृतीपुढे तिचा प्रसंग आणि मातीवरील नावापुढे मॅटवरील नाव, अशी तुलनात्मक मांडणी झाली पाहिजे. असा कोश तयार झाल्यास तो ग्रंथालयातील अभ्यासकास उपयोगी पडेलच; परंतु मातीवरून मॅटवर पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या व त्यास शिकविणाऱ्या परप्रांतीय प्रशिक्षकाच्या मध्ये दुभाष्याचे कामही तो करू शकेल.